मागाच्या गावात संगणकाची बाराखडी

(भिवंडी येथे प्राथमिक शिक्षक, केंद्रप्रमुख आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्राथमिक शाळेतील मुलांना संगणकाची आज्ञावली शिकवावी काय, आणि शिकवावयाची तर ती कशी, हा आजचा विषय आहे. 'कोडिंग' हा शब्द गेल्या काही वर्षांत घराघरांत पोहोचला आहे. २०२० सालच्या टाळेबंदीत शाळा बंद असताना सहा-सात वर्षांच्या मुलांना भावी कोट्यधीश म्हणून दाखविणाऱ्या जाहिराती सर्वत्र झळकल्या. त्यांपैकी काही जाहिराती पुढे भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या सूचनेवरून मागे घ्याव्या लागल्या. परंतु तोपर्यंत पालकांच्या मनात धास्ती रुजली होती. ज्यांच्याजवळ पैसे होते त्यांनी शिकवणीची फी भरली. ज्यांच्याजवळ नव्हते, त्यांनी ही विद्या आपल्या मुलांसाठी नव्हेच असे मनाशी ठरवून टाकले. भिवंडीत दुसऱ्या प्रकारचे पालक अधिक आहेत. म्हणून हा विषय येथे मांडणे मला अगत्याचे वाटते.

शासनाच्या धोरणात या विषयाला आता निश्चित स्थान मिळाले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये संगणकीय पद्धतीने विचार करण्याची सवय अगदी पायाभूत स्तरापासून, कोडी आणि खेळ यांच्या साहाय्याने लावावी, आणि प्रत्यक्ष आज्ञावली-लेखन उच्च प्राथमिक स्तरावर, म्हणजे सहावीपासून सुरू करावे, असे सुचविले आहे. त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने तिसरीपासून पुढच्या वर्गांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता व संगणकीय विचार यांचा अभ्यासक्रम २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून आणण्याचे जाहीर केले. तेव्हा 'शिकवावे काय?' हा प्रश्न बव्हंशी मागे पडला असून कोणी शिकवावे, कोणत्या भाषेत शिकवावे आणि कोणत्या साधनांनी शिकवावे, हे प्रश्न आपल्यापुढे आहेत. त्यांचे उत्तर शोधताना भिवंडीला दूर जाण्याचे कारण नाही, असे माझे नम्र मत आहे.

माग आणि संगणक यांचे नाते

संगणकाचे मूळ शोधू लागल्यास आपण एका मागाजवळ येऊन पोहोचतो. फ्रान्समधील लिआँ हे रेशमी वस्त्रांचे शहर. तेथे जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४-०५ च्या सुमारास नक्षीचे कापड विणण्यासाठी छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची योजना केली. बाण्याच्या प्रत्येक धाग्यासाठी एक पत्ता. पत्त्यावर ज्या ठिकाणी छिद्र असेल तेथे सुई आत शिरते आणि त्या जागेचा ताण्याचा धागा उचलला जातो. छिद्र नसेल तेथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. पत्त्यांची माळ बदलली की माग तोच, पण नक्षी निराळी. यंत्र एक आणि त्याला द्यावयाच्या आज्ञा वेगळ्या, ही आजच्या संगणकाची मूळ कल्पना तेथे प्रत्यक्ष दिसते.

चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने आपल्या गणनयंत्राचा आराखडा करताना हेच पत्ते योजिले. जॅकार्डचे रेशमात विणलेले एक चित्र त्याच्या संग्रही होते आणि ते विणण्यास सुमारे २४,००० पत्ते लागले होते. या नियोजित यंत्रावर एडा लव्हलेस या विदुषीने १८४३ साली लिहिलेल्या टिपणांत यंत्राने आकडेमोड कोणत्या क्रमाने करावी याची तपशीलवार मांडणी आहे. तिला पहिली आज्ञावली म्हणण्याचा प्रघात आहे. पुढे १८९० साली अमेरिकेच्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ याची छिद्रित पत्ते वाचणारी यंत्रे वापरली गेली. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनी घडविलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० साली सुरू झाला.

भिवंडी हे देशातील यंत्रमागाचे एक अग्रगण्य केंद्र. येथे विणले जाते ते बहुतांशी साधे कोरे कापड, नक्षीदार चादर ही सोलापूरची ख्याती. परंतु साध्या मागातही आज्ञावलीची तिन्ही मूलतत्त्वे हजर आहेत. पहिले तत्त्व क्रमाचे. ताण्याचे अर्धे धागे वर जातात, धोटा पलीकडे जातो, फणी बाणा ठोकते. हा क्रम चुकला तर कापड होत नाही. दुसरे तत्त्व पुनरावृत्तीचे. याच चार-दोन क्रिया मिनिटाला शंभरावर वेळा घडतात. त्यासाठी प्रत्येक खेपेला नवी सूचना द्यावी लागत नाही. तिसरे तत्त्व अटीचे. बाण्याचा धागा जागेवर असेपर्यंत तो मागावरच्या एका लहानशा काट्याला ढकलून बाजूला ठेवतो. धागा तुटला की काटा हलत नाही, दांड्यात अडकतो आणि माग थांबतो. 'धागा तुटला असेल तर थांब, नसेल तर चालू राहा,' ही आज्ञा लोखंडात लिहिलेली आहे. जगातील मोठ्यात मोठी आज्ञावलीही याच तीन तत्त्वांवर उभी असते. ज्या मुलाच्या घराच्या भिंतीला रात्रंदिवस मागाचा आवाज भिडतो, त्याला ही तत्त्वे परकी का वाटावीत?

हस्तव्यवसायातून शिक्षण ही कल्पना महाराष्ट्राला नवीन नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या योजनेत टकळीवर सूत कातता कातता गणित, भूगोल व इतिहास शिकविण्याचा विचार होता. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. तोच धागा पुढे नेऊन मागावरून संगणकाकडे जाता येईल.

वर्गातील चार पाठ

या पाठांना वीज लागत नाही, यंत्र लागत नाही आणि वेगळा तासही लागत नाही. गणित, कला किंवा कार्यानुभव यांच्या तासिकांतच ते सामावतात.

पहिला पाठ दुसरी-तिसरीसाठी. गुरुजी किंवा बाई यंत्र होतात आणि दारापासून फळ्यापर्यंत चालत जाण्याच्या आज्ञा मुले देतात. 'पुढे जा' म्हटले तर किती पावले? 'वळा' म्हटले तर कोणत्या बाजूला? यंत्राने स्वतःची अक्कल चालवावयाची नाही, एवढाच नियम. मुलांनी पाच पावले सांगितली आणि चौथ्या पावलाला बाक लागले, तर गुरुजी बाकाशी थांबतात. मग सर्व वर्ग मिळून कोणती आज्ञा चुकली ते शोधतो, ती तेवढीच बदलतो आणि खेळ पुन्हा सुरू होतो. या दोष शोधण्यालाच संगणकाच्या व्यवसायात फार मोठे महत्त्व आहे. आपल्या वर्गांत चूक म्हणजे लाल शाईची फुली. येथे चूक हा पाठाचाच एक भाग ठरतो, आणि फुलीला भिणारे मूल प्रथमच आपल्या चुकीकडे कुतूहलाने पाहू लागते.

दुसरा पाठ चौकटीच्या वहीतला. आठ घरांच्या आठ ओळी आखाव्यात. भरलेले घर म्हणजे ताण्याचा धागा वर, रिकामे घर म्हणजे खाली. साध्या विणीसाठी पहिल्या ओळीत एक घर भरावे, एक सोडावे. दुसऱ्या ओळीत एक सोडावे, एक भरावे. आता मुलांना विचारावे की हे कापड दुसऱ्या गावच्या विणकराला पत्राने कळवावयाचे असेल तर आठही ओळी लिहाल काय? थोड्या वेळात कोणीतरी सांगते की दोन ओळी लिहून 'हे चार वेळा करा' असे म्हटले की पुरे. पुनरावृत्तीचा शोध त्या मुलाने स्वतः लावलेला असतो. त्यापुढे तिरक्या विणीकडे जावे. पहिल्या ओळीत दोन घरे भरलेली, दोन रिकामी, पुन्हा दोन भरलेली, दोन रिकामी. पुढच्या प्रत्येक ओळीत सर्व घरे एकेक घर पुढे सरकवावयाची आणि शेवटचे घर सुरुवातीला आणावयाचे. चार ओळी होताच कागदावर तिरप्या रेषा उमटतात आणि पाचवी ओळ पहिलीसारखीच येते. जीनच्या कापडावरची तिरपी रेघ याच जातीच्या विणीची, हे सांगितल्यावर मुले आपापले कपडे निरखू लागतील.

तिसरा पाठ चौथी-पाचवीसाठी, अंगणातला. 'चार पावले पुढे, मग उजवीकडे काटकोनात वळा' ही जोडी चार वेळा केली की चौरस होतो. त्रिकोणासाठी किती वळावे? बहुतेक मुले साठ अंश म्हणतील, कारण समभुज त्रिकोणाचा आतला कोन त्यांना ठाऊक असतो. परंतु साठ अंश वळत गेल्यास षट्कोन तयार होतो. त्रिकोणासाठी १२० अंश वळावे लागते, कारण पूर्ण फेरीचे ३६० अंश तीन वळणांत वाटले जातात. खडूने आखून पाहिल्यावर ही गोष्ट पटते. नुसत्या सांगण्याने ती विसरली जाते.

चौथा पाठ अंदाजाचा. एका मुलाने १ ते १०० मधील संख्या मनात धरावी, इतरांनी 'अमुक संख्येपेक्षा मोठी आहे काय?' असे प्रश्न विचारावेत. प्रत्येक वेळी उरलेल्या संख्यांचे निम्मे भाग पाडणाऱ्याला सात प्रश्नांत उत्तर हमखास मिळते. अक्षरानुक्रमे लावलेल्या मोठ्या यादीत संगणक एखादे नाव क्षणात कसे शोधतो, याचे रहस्य एवढेच आहे.

पूर्वीच्या प्रयत्नांचा बोध

मुलांना आज्ञावली शिकविण्याचा विचार अर्धशतकाहून जुना आहे. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, वॉली फॉयर्झिग व सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. तिच्यात एक कासव मुलांच्या आज्ञेप्रमाणे चालत रेषा काढते. वर सांगितलेला अंगणातला पाठ त्याच वंशातला. २००७ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने 'स्क्रॅच' हे साधन विनामूल्य खुले केले. त्यात आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत बसवून गोष्टी आणि खेळ रचता येतात. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी २०१४ साली आलेल्या त्याच्या धाकट्या आवृत्तीत चित्रांवर काम चालते, वाचता येण्याची गरज नाही. त्याच वर्षी इंग्लंडने पाच वर्षांच्या मुलांपासून हा विषय सक्तीचा केला. संगणकाविना संगणकशास्त्र शिकविण्याचे खेळ न्यूझीलंडमधील टिम बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात रचले आणि ते जगभर गेले. आपल्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. श्रीधर अय्यर व त्यांच्या सहकाऱ्यांनी शालेय संगणकशास्त्राचा एक आदर्श अभ्यासक्रम व 'कॉम्प्युटर मस्ती' ही पुस्तकमाला तयार केली. यंत्राची कळ कोणती दाबावी यापेक्षा विचार कसा करावा, यावर तिचा भर आहे.

या इतिहासात इशारेही आहेत. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजातील रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी १९८४ च्या सुमारास असे दाखवून दिले की, 'लोगो' शिकलेली मुले इतर कामांचे नियोजन अधिक चांगले करतात असे आढळत नाही. मुलांना यंत्रापुढे बसविले की बुद्धी आपोआप तल्लख होते, हा समज त्यामुळे ढळला. एका ठिकाणी शिकलेली रीत दुसरीकडे कशी लावावी, हे शिक्षकाने दाखवावे लागते. आपल्या देशात १९८४-८५ मध्ये निवडक माध्यमिक शाळांत ब्रिटिश बनावटीचे संगणक देऊन 'क्लास' हा प्रकल्प सुरू झाला होता. यंत्रे पोहोचली, परंतु शिक्षकांचे प्रशिक्षण, दुरुस्तीची सोय आणि मुलांच्या भाषेतील साहित्य त्यांच्या मागोमाग पोहोचले नाही. खोलीला कुलूप आणि यंत्रावर आच्छादन, हे चित्र आपल्यापैकी अनेकांनी पुढेही पाहिले असेल. साधन आधी आणि शिक्षक नंतर, हा क्रम उलटा आहे. धोटा फेकल्यावर ताणा उचलण्यासारखाच तो आहे.

आणखी एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे व साधे हिशेब करता यावेत, यासाठी जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू झाले. ज्या मुलाला अद्याप वाक्य वाचता येत नाही, त्याच्या वाचनाचा तास काढून संगणकाला देणे हा त्याच्यावर अन्याय होईल. वर सांगितलेले पाठ वाचनाला आणि गणिताला पूरक ठरावेत, एवढीच त्यांची जागा आहे.

भाषेचा प्रश्न

भिवंडीची वस्ती २०११ च्या जनगणनेनुसार सात लाखांवर होती. उत्तर प्रदेशातून आलेले विणकर, तेलंगणातील पद्मशाली कुटुंबे, मूळचे आगरी, कोळी, कोकणी मुसलमान अशा अनेकांनी हे शहर घडविले. मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू या भाषा येथे एकाच गल्लीत ऐकू येतात. तालुक्यात पाड्यांवरची आणि वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबांची मुलेही आहेत. शक्यतोवर मुलाच्या मातृभाषेतून शिक्षण द्यावे, असे २००९ चा बालकांचा शिक्षण हक्क कायदा सांगतो. संगणक म्हणजे इंग्रजी, या समजुतीमुळे हे तत्त्व याच विषयात विसरले जाण्याचा धोका आहे. क्रम, पुनरावृत्ती, अट आणि दोषशोधन यांपैकी कशालाही इंग्रजीची गरज नाही. 'जर' आणि 'तर' हे मराठी मुलाला लहानपणीच येतात.

अनेक भाषांचा उलट उपयोगच होईल. तिरक्या विणीचा पाठ उर्दू शाळेत घेताना मुले उजवीकडून डावीकडे घरे भरू लागतील आणि त्यांची रेषा मराठी शाळेतील रेषेच्या उलट बाजूला कलेल. दोन्ही कागद शेजारी ठेवून असे का झाले, हे विचारावे. सुरुवात कोठून करावयाची हे आज्ञेत सांगितलेच नव्हते, हे मुलांच्या ध्यानी येईल. गृहीत धरलेली गोष्ट उघडपणे सांगावी लागते, हा धडा एकभाषिक गावात इतक्या सहजपणे मिळणार नाही.

पंचायत आणि शाळा यांचे काम

पंचायत सदस्यांकडे माझ्या तीन विनंत्या आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. या समितीच्या एका बैठकीत मुलांकडून हे पाठ करून दाखवावेत, म्हणजे महागड्या शिकवणीविषयीची धास्ती आपोआप कमी होईल. दुसरे, गावच्या विकास आराखड्यात संगणकाची मागणी करताना वीज, दुरुस्ती आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांची तरतूद त्याच पानावर करावी. तिसरे, गावातील जुन्या विणकराला वर्षातून एकदा शाळेत बोलवावे. त्याने ताणा, बाणा, धोटा, कांडी मुलांच्या हातात द्यावी. ज्याला आपण अशिक्षित म्हणतो तो माणूस तासभर गुरुजींच्या खुर्चीत बसेल, हाही एक संस्कार आहे.

शिक्षकांवरील कामाचा भार मला ठाऊक आहे. म्हणून आठवड्यातून एका तासिकेतील वीस मिनिटे, एवढीच अपेक्षा आहे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत एकाने पाठ करून दाखवावा आणि इतरांनी तो आपापल्या वर्गात करून पुढील वेळी अनुभव सांगावा. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर आहे. यातील एकाही पाठासाठी मला विज्ञानाची पदवी लागली नाही, हे मुद्दाम नमूद करतो. मुलींचा विचार येथे विशेष केला पाहिजे. घरात एकच मोबाईल असेल तर तो बहुधा मुलाच्या हाती जातो. चौकटीची वही मात्र दोघांना सारखीच मिळते.

आज्ञा कोणाची?

आता तर यंत्रच आज्ञावली लिहू लागले आहे, मग मुलांनी ती कशाला शिकावी, असा प्रश्न विचारला जातो. यंत्राकडून काम करून घेणाऱ्याला काय हवे ते नेमके सांगता आले पाहिजे आणि हाती आलेले बरोबर की चूक हे पारखताही आले पाहिजे. जॉबर माग स्वतः चालवीत नाही, पण माग का थांबला हे त्याला आवाजावरून कळते. यंत्रे जितकी हुशार होतील तितकी अशा पारखी माणसांची गरज वाढेल.

भिवंडीच्या भोवती गेल्या काही वर्षांत गोदामांचे विस्तीर्ण जाळे उभे राहिले आहे. तेथे कामगाराच्या हातातील उपकरण त्याला कोणत्या मांडणीवरून कोणती वस्तू उचलावयाची ते सांगते. नव्या मागांवर पत्त्यांची माळ जाऊन नक्षी संगणकातून येते. या आज्ञा कोठेतरी कोणीतरी लिहीत असतो. बारा-बारा तासांच्या पाळीत मागावर उभे राहणाऱ्या बापाच्या मुलीने पुढे तेच काम करावे की दुसरे, हे आपण ठरवू शकत नाही. परंतु जी आज्ञा ती पाळणार आहे ती माणसाने लिहिलेली आहे, तीत चूक असू शकते आणि ती बदलता येते, एवढे तिला प्राथमिक शाळेतच कळावे, याची व्यवस्था आपण करू शकतो. त्यासाठी चौकटीची एक वही, खडूचा एक तुकडा आणि प्रश्न विचारू देणारा शिक्षक एवढी सामग्री आपल्या प्रत्येक शाळेत आज आहे. येत्या सत्रात प्रत्येक केंद्रातील निदान एका शाळेने या पाठांना आरंभ करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.